मामा, दोर आणि वर न जाणारी नजर

"वर बघ. आरं भाच्या, वर बघ की!" मामा कापसाच्या ट्रॉलीवरून ओरडायले होते. "दोर टाकायलोय. डोळे हायेत का कवड्या?"

ट्रॉली अशी शिगोशीग भरलेली, की मामांच्या टोपीला ढग अडकत होते. ओझं बांधायचा दोर त्यांनी वरून फेकायचा, मी खाली झेलायचा. पण पंधरा दिवसांपासून माझी बुबुळं वर सरकतच नव्हती. मान मागं टाकली तर दोन मामा, दोन दोर. मी नेमका नसलेला झेलला. असलेला अजगरासारखा गळ्यात पडला.

घरात मात्र ह्या दुखण्याचं कौतुक. त्याच आठवड्यात जिंतूरला मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांच्या ताटाच्या वरचं मला काही दिसेनाच. "पोरगा नजर वर करत न्हाई, लय संस्काराचा," मुलीचे वडील म्हणाले. आई धन्य झाली.

मग एका सकाळी डोकं फुटायला आलं, उलट्या थांबेनात, तेव्हा संस्कार बाजूला ठेवून मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या पार मधोमध, पिनिअल नावाच्या इवल्याशा ग्रंथीपाशी, गाठ निघाली.

"दुर्मिळ आहे," डॉक्टर म्हणाले. "बीजपेशींची. बाळ पोटात असताना या पेशी खाली ओटीपोटाकडे जातात. ह्याच्या काही वाट चुकून डोक्यात राहिल्या असाव्यात."

"म्हंजी देवगाव फाट्यावर जिंतूरच्या बदली सेलूच्या गाडीत बसल्या," मामा म्हणाले.

डॉक्टर हसले. मामा हसले नाहीत. "पण जगंल ना?"

"बहुतेक जण बरे होतात. गाठ किरणांच्या शेकानं विरघळते. नजर किती परत येईल, ते आत्ता सांगता येत नाही."

गाठीमुळं डोक्यात साचलेल्या पाण्याला वाट करून दिली, गाठीचा तुकडा तपासला, मग शेक सुरू. केस गेले. टक्कल असं चकाकायचं, की वॉर्डातल्या बाया त्यात बघून भांग पाडायच्या.

पुढच्या कापसाला मामा पुन्हा ट्रॉलीवर चढले. ह्या वेळी ओरडले नाहीत. दोर धरून नुसते उभे. मी मान न हलवता डोळे वर रेटले. चढावर अडलेल्या ट्रॅक्टरसारखे ते कुरकुरत चढले.

"मामा, पायतानापासून टोपीपर्यंत दिसायलात," मी म्हणालो. "आन तुम्ही एकच हायेत."

मामांनी दोराची गाठ उगाच सोडली, उगाच पुन्हा मारली.

"मंग धर," ते म्हणाले.