पालकाची सही

बाबा गेले तेव्हा बहीण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. फी एका ट्रस्टच्या स्कॉलरशिपमधून भागायची आणि ट्रस्टच्या अटी दोनच: पंचाहत्तर टक्के हजेरी, आणि एकाही विषयात केटी नको. बाबा हॉस्पिटलमध्ये असताना दिवसा तीच त्यांच्याजवळ बसायची, कारण मी वागळे इस्टेटमध्ये नोकरीवर. ते गेल्यावर तेरा दिवस ती घराबाहेर पडली नाही. आम्ही पडूही दिलं नसतं. आमच्याकडे सुतक म्हणजे सुतक. हजेरी घसरली आणि गणितात केटी लागली.

कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी तिला मार्ग सांगितला. ट्रस्टला अर्ज लिही, बाबांच्या मृत्यूचा दाखला जोड, पालकाची सही आण. अशा वेळी एका वर्षाची सवलत देतात. तिने त्याच संध्याकाळी अर्ज लिहून माझ्यासमोर ठेवला. पालक आता मी होतो. वय सव्वीस, आणि अंगात नको तेवढा ताठा.

मी सही केली नाही. बाबांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नाही आणि आपण त्यांच्या मरणाचं भांडवल करायचं का, असं बरंच काही सुनावलं. आईचं पोळ्या लाटणं थांबलं, पण ती मध्ये पडली नाही. कर्त्या मुलाचा शब्द मोडायचा नाही, अशी तिची रीत.

"मी आहे ना," मी बहिणीला म्हणालो. "मी भरीन फी."

माझा पगार वीस तारखेलाच संपायचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या वर्षाची फी भरायची मुदत आली आणि गेली. तिने मला एकदाही आठवण करून दिली नाही. कॉलेजची बॅग रिकामी केली, तिच्यात डबा ठेवला आणि माजिवड्याच्या एका शोरूममध्ये रिसेप्शनवर कामाला लागली.

पुढच्याच रविवारी मी बाबांची कागदपत्रं आवरायला बसलो होतो. बँक, गॅस, लाइट बिल, सोसायटी, सगळीकडे नाव बदलायचे अर्ज केलेले, आणि प्रत्येकाला दाखल्याची झेरॉक्स जोडलेली. बहीण एकेक कागद हातात घेऊन बघत होती.

"दादा, लाइट बिलासाठी बाबांचा दाखला जोडताना तुला लाज नाही वाटली?"

आवाज चढवला असता तर मीही भांडलो असतो. ती अगदी शांतपणे विचारत होती. मी खाली मान घालून कागदांना पिना मारत राहिलो.

इतक्या वर्षांनंतरही ती त्या शोरूममध्येच आहे. हिशेबाला, बोलण्याला हुशार आहे असं तिचे साहेब सांगतात, आणि ते मला ऐकवत नाही. चूक माझी होती. हे मी तिला कधी म्हणालेलो नाही.

मागच्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेतून स्कॉलरशिपचा फॉर्म आला. आमच्या वर्तकनगरच्या घरी आत्याने तो भाचीला समोर बसवून भरून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. वर पेन ठेवलं. बघतो नंतर, असं मी म्हणालो. सही होईपर्यंत बहीण समोरून हलली नाही.