पेपरात न येणारा प्रश्न

सोनाळ्याच्या आमच्या कॉलेजात दोन वर्गांच्या मध्ये भिंत म्हणून नुसता पत्रा आहे. त्यामुळे माझ्या मराठीच्या तासाला पलीकडच्या सरांचं जीवशास्त्र फुकट ऐकायला मिळतं. दर वाक्याला ते फळ्यावर खडू आपटायचे.

"रोग आला का पांढरी पेशी वाढते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. मंग अँटिबॉडी बनवाले लागली का वाढणं बंद! थांबते ते."

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, नाही थांबली तं?"

"पेपरात येत नाही. बस खाली."

त्यांचा वर्ग हसला. पत्र्याच्या अलीकडे माझाही हसला.

गेल्या वर्षी सरांची पाठ दुखायला लागली. आम्ही सगळ्यांनी कॉलेजच्या खुर्च्यांना शिव्या दिल्या. अकोल्याला तपासणी झाली तेव्हा कळलं, की कॅन्सर आहे; त्यांच्या हाडांतल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या नेमक्या त्याच पेशी थांबायला तयार नाहीत आणि हाडं पोखरत चालल्या आहेत.

"जिंदगीभर शिकवलं," स्टाफरूममध्ये ते मला म्हणाले, "अन् माह्याच अंगातल्यायनं ऐकलं नाही."

यंदा तो धडा पुन्हा आला. सर कमरेला पट्टा बांधून, बसूनच शिकवत होते. खडू वाजला नाही. "थांबते ते," म्हणाले आणि तिथंच थांबले. मीही माझा तास थांबवला.

"विचारा ना बे कोणी," पलीकडून सरांचा आवाज आला, "नाही थांबली तं काय होते?"

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, पेपरात येते काय?"

"नाही," सर म्हणाले, आणि पत्र्यापलीकडे भराभर वह्या मिटल्या.