हरवलेला अंक

बंगळूरच्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं, त्याच आठवड्यात ओरत्तनाडूहून फोन आला. तिथल्या एका सरकारी कचेरीत आम्ही एक कॉम्प्युटर आणि आठ टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड, बसवली होती. दर टेबलावर कॉम्प्युटर ठेवणं तेव्हा कुणाला परवडत नसे. एकाच यंत्रात आमचं सिरियल कार्ड घालायचं आणि त्यातून आठ तारा आठ टेबलांवर न्यायच्या. कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांचं बोलणं जुळवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिला होता.

तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीतली आमची कंपनी सहा माणसांची. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आतलं माझ्याखेरीज कुणाला कळत नसे. पहिली दोन वर्षं मला याचा अभिमान होता. मग कर्नलची नवी आवृत्ती आली की ड्रायव्हर मोडायचा, आणि मी तो पुन्हा बसवायची. बहिणीच्या बाळाच्या बारशालाही मला जाता आलं नाही. मालक माझ्या अप्पांचे मित्र, आमच्याच मराठी लोकांतले. त्यांना नाही म्हणणं म्हणजे अप्पांना नाही म्हणणं.

"मधले अंक गळतात म्हणे," मालक म्हणाले. "एवढं निस्तर, मग जा."

बंगळूरला रुजू व्हायला दहा दिवस होते.

कचेरीत खिडकीशी एक म्हातारी कागद घेऊन उभी होती. तिच्या जमिनीचा सर्व्हे नंबर दोनशे चौदा. कागदावर चोवीस छापून आला होता.

"चोवीस नंबर म्हणजे गावचं तळं," ती तमिळमध्ये मला समजावून सांगू लागली. "मी तळ्यात भात लावू?"

"मी बरोबरच टाइप केलं होतं," कारकून म्हणाला. "यंत्राने खाल्लं."

मला मागची खोली दिली. तिच्या खिडकीला फायलींचा ढीग लागलेला, उजेड फक्त पडद्याचा. एकटी टाइप करायला बसले की सगळं ठीक चाले. आठही जण एकदम टाइप करू लागले की अक्षरं गळत. रोज सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने परतायचं. पाचव्या दिवशी सापडलं. आठ तारांना मिळून अक्षर आल्याचा इशारा एकच. एका तारेचं अक्षर उचलत असताना दुसरीचं आलं, तर नवा इशारा मिळत नाही. म्हणून सगळ्या तारा रिकाम्या होईपर्यंत पुन्हापुन्हा तपासायच्या असतात. माझा ड्रायव्हर एकदाच तपासत होता. मागे राहिलेल्या अक्षरावर पुढचं अक्षर चढायचं, आणि पहिलं नाहीसं व्हायचं.

त्या ओळी माझ्याच होत्या, तीन वर्षांपूर्वीच्या.

मी त्या दुरुस्त केल्या. म्हातारीला नवा कागद मिळाला. तिने तिन्ही अंकांवर बोट ठेवून पाहिलं आणि कागदाची घडी करून निघून गेली.

मला गप्प राहता आलं असतं. बंगळूरची बॅग भरलेली होती. पण हाच ड्रायव्हर आणखी अकरा कचेऱ्यांत चालू होता. दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"बंगळूरला काय कळवतेस?"

"तुम्हीच सांगा."

"मी काय सांगणार? ड्रायव्हर तुझा."

ते रागावले असते तर मला जाणं सोपं झालं असतं. मी नकाराचं पत्र टाकलं. घरी अम्माने पान वाढलं आणि भरलेली बॅग रिकामी केली.

तिरुवैयारूपासून सुरुवात करून अकराही कचेऱ्या मी फिरले. त्या संथ यंत्रांवर कर्नल नव्याने तयार व्हायला अर्धा दिवस लागे, आणि वीज गेली की पहिल्यापासून. मी खुर्चीत बसून सरकत्या ओळी पाहत राही. एका सहकाऱ्याला सगळं काम शिकवलं. वर्षाच्या आत तो बंगळूरला गेला, त्याच कंपनीत. मी त्याला स्टेशनवर पोचवायला गेले होते.

मी आणखी तीन वर्षं राहिले. मग दर टेबलावर कॉम्प्युटर आले, नेटवर्क आलं, आणि आमची कार्डं कुणी घेईना. "आता तू जा," मालक स्वतःच म्हणाले. मद्रासला मला नोकरी लागली, आधीपेक्षा कमी हुद्द्याची. पहिल्या दिवशी मी साहेबांना विचारलं, हे काम इथे आणखी कुणाला येतं?

"चौघांना," ते म्हणाले. "का?"

"म्हणजे मला रजा मिळेल," मी म्हणाले.