मापाचा ब्लाउज

केसपेपरवर वय, वजन, तक्रार आणि निदान एवढेच लिहिले जाते. त्यात न मावणारे जे काही असते ते डॉक्टरच्या डोक्यात साचत जाते, आणि चार मैत्रिणी जमल्या की बाहेर येते. मी यवतमाळला प्लास्टिक सर्जरी करते. माझे बहुतेक काम भाजलेल्या हातांचे, मळणीयंत्रात सापडलेल्या बोटांचे आणि दुभंगलेल्या ओठांचे आहे. स्तन वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी बायका क्वचित येतात. ती शस्त्रक्रिया दुसरीकडे करून, मग तीच दुरुस्त करवून घेऊन, तरीही ‘पुन्हा उतरलं, एक बाजू खाली आहे’ म्हणून येणाऱ्या तर त्याहून क्वचित. पण किस्से रुग्णसंख्येच्या प्रमाणात साचत नाहीत. आर्णीच्या एकट्या वंदनाबाईंनी मला जेवढे किस्से दिले, तेवढे सगळ्या मळणीयंत्रांनी मिळून दिलेले नाहीत.

वंदना हे त्यांचे खरे नाव नव्हे. मी हे लिहू का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. नाव बदला, पण आर्णी राहू द्या. दुसऱ्या गावाचं नाव टाकलं तर तिथल्या बाया उगाच एकमेकींकडं पाहत बसतील."

*

वंदनाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्यापर्यंत पोचायला त्यांना अर्धा दिवस लागला. आमच्या रुग्णालयात काउंटरवर तक्रार सांगावी लागते, आणि काउंटरसमोरच्या बाकांवर नेहमी दहा-बारा जण ती ऐकायला बसलेले असतात. शाळेत शिकवणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या या बाई तिथे एवढेच म्हणाल्या, "छातीचं हाय."

काउंटरवरच्या मुलीने त्यांना तत्परतेने फिजिशियनकडे धाडले. तिथे ईसीजी निघाला, रक्तदाब मोजला गेला, तेल कमी करण्याचा आणि सकाळी चालण्याचा सल्ला मिळाला. वंदनाबाईंनी सगळे मुकाट्याने करून घेतले. शेवटी फिजिशियन म्हणाले, "बाई, तुमचं हृदय उत्तम आहे."

"त्याले कोणी नाव ठेवलं?" वंदनाबाई म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांची चिठ्ठी माझ्या खोलीत आली.

*

पूर्वेतिहास घेणे हे माझ्या कामातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे, असे मला तोवर वाटत असे. दोन बाळंतपणे, नंतर बरेच कमी केलेले वजन, आणि त्यामुळे सैल झालेली त्वचा. मग एका मोठ्या शहरात पहिली शस्त्रक्रिया. डावी बाजू थोडी खाली राहिली, म्हणून तिथेच दुसरी. इथवर सगळे पुस्तकात असते तसेच होते.

"घरी काय सांगितलं होतं?" मी विचारले. ऑपरेशननंतर घरी वजन कोण उचलते, विश्रांती मिळते का, हे कळायला तो प्रश्न लागतो.

"गाठ काढली म्हणून सांगतलं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसरी गाठ."

नवऱ्याला खरे ठाऊक होते. सासूबाईंना गाठच सांगितली होती. दुसऱ्या गाठीपासून सासूबाईंनी सुनेला पाण्याची घागर उचलू देणे बंद केले होते, त्या सोमवार धरू लागल्या होत्या, आणि सून शाळेतून यायला उशीर झाला की दारात उभ्या राहत होत्या. आता वंदनाबाईंना तिसरी शस्त्रक्रिया हवी होती, आणि त्यांची अडचण वैद्यकीय नव्हती.

"तिसऱ्यांदा गाठ म्हणलं तर म्हातारी अन्नपाणी सोडन, मॅडम."

आमच्या पुष्पा सिस्टर राळेगावच्या. वीस बायकांच्या वॉर्डात कोण कोणाला काय सांगून आली आहे, हे त्यांना पाठ असते. त्या ड्रेसिंगचा ट्रे पुसता पुसता म्हणाल्या, "मंग या टायमाले अपेंडिक्स सांगा."

"अपेंडिक्स मांगंच काढलं."

"खरंच काढलं, का नुसतं सांगाले?"

"ते खरं," वंदनाबाई म्हणाल्या. "एकच खरं हाय, तेही वाया गेलं."

*

मी तपासले. डावी बाजू किंचित खाली होती. हे मान्य करायलाच हवे. शोधणाऱ्याला फरक सापडेल, न शोधणाऱ्याला दिसणार नाही, एवढाच तो होता. मी टेप लावून मापे त्यांना दाखवली. शस्त्रक्रियेने आकार बदलतो, त्वचेचा स्वभाव बदलत नाही. ती पुन्हा थोडी उतरते, आणि दोन्हीकडे सारख्या वेगाने उतरत नाही, हे सांगितले. ज्याला आता हात लावायचा तो भाग दोनदा उघडलेला आहे, प्रत्येक वेळी स्तनाग्राचा रक्तपुरवठा थोडा कमी होतो, आणि तिसऱ्या वेळी तो भाग गमावण्याची भीती खरी असते, हेही सांगितले. हे सांगताना मी आवाज मुद्दाम सपाट ठेवते. घाबरवून मिळवलेला नकार टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

वंदनाबाईंनी सगळे ऐकले. वर्गात ऐकणाऱ्या हुशार मुलीसारखे ऐकले, म्हणजे उत्तर आधीच ठरवून.

"मॅडम, तुमची टेप म्हणते फरक थोडासाच हाय. पण मी फळ्यावर लिहाले हात वर केला का डावीकडून लोंबते. चाळीस पोरं पाहून राहतात. तुमच्या टेपेले कोण पाह्यते?"

*

पुढच्या खेपेला मी नवऱ्याला बोलावले. आर्णीत त्यांचे दुचाकीचे गॅरेज आहे. शांत, हाताला कायमचे ऑइल लागलेले गृहस्थ. तुम्हाला काय वाटते, असे मी विचारताच त्यांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरचा अभ्यास सुरू केला.

"बोला ना," वंदनाबाई म्हणाल्या. "फरक दिसते का नाही दिसत?"

"दिसते म्हणलं तरी फसलो, नाही म्हणलं तरी फसलो," ते पोस्टरला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, मले एवढंच समजते. दोनदा खोललेलं इंजिन चालून राह्यलं असन, तर तिसऱ्यांदा खोलू नोका, असं मी गिऱ्हाइकाले सांगतो."

"मी काय तुमची मोटारसायकल होय?"

"मोटारसायकल असती तर ऐकलं असतं."

हा माझ्या कारकिर्दीत ऐकलेला सर्वांत नेमका सर्जिकल सल्ला होता, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. वंदनाबाईंनी उन्हाळ्याच्या सुट्टीतली तारीख मागितली. मी ती दिली नाही. विचार करून या, एवढेच म्हटले. मी नाही म्हटले तर त्या दुसऱ्याकडे जातील, आणि तो दुसरा कदाचित हो म्हणेल, हे मला दिसत होते.

*

त्या आल्या त्या पुरावा घेऊनच. कापडी पिशवीतून त्यांनी सहा ब्लाउज काढले आणि तपासणीच्या टेबलावर ओळीने मांडले.

"हे पाहा. सहाच्या सहा. डावीकडं झोळ पडते."

ब्लाउज हा वैद्यकीय पुरावा नव्हे, असे मी म्हणणार होते. पण माझे शिक्षण संशय घेण्याचे झाले आहे. सहा ब्लाउज, वेगवेगळे कापड, वेगवेगळ्या वर्षी शिवलेले, आणि झोळ नेमका एकाच जागी. आजार इतका नियमित नसतो. इतकी नियमितता माणसाच्या हाताची असते.

"एकाच टेलरकडे शिवता?"

"कमलताईकडं. लग्नापासून."

"तिने तुमचं माप शेवटचं कधी घेतलं?"

वंदनाबाईंना प्रश्नच कळला नाही. "माप कायले घ्यान? मापाचा ब्लाउज देतो ना."

ही पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. एक नीट बसलेला ब्लाउज आयुष्यभर टेलरकडे जात-येत राहतो, आणि पुढचे सगळे त्याच्यावरून कापले जातात. वंदनाबाईंचा मापाचा ब्लाउज मोहरीच्या रंगाचा होता, धाकट्या मुलाच्या बारशाला शिवलेला. म्हणजे दोन्ही शस्त्रक्रियांच्या आधीचा.

"नंतर टेप लावून का नाही घेतली?"

"टेप लावली असती तर तिले समजलं असतं ना."

मी त्यांना तिथल्या तिथे कमलताईंना फोन लावायला सांगितले, आणि एकच प्रश्न विचारायला सांगितला. स्पीकरवर शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"कमलताई, माह्या ब्लाउजले डावीकडं काही वेगळं करता का तुमी?"

मशीन थांबले. "काहून वो मॅडम? कोणी बोललं का?"

"नाही, असंच."

"आता बोलू नये, पण तुमचं डावं अंग पहिल्यापासून उतरतं हाय. म्हणून मी तिकडं टक खाली घेतो आन् कापड ढिलं ठेवतो. तुमाले कधी सांगतलं नाही, वाईट वाटन म्हणून. आन् ती गाठ काढल्यापासून तर आणखीन ढिलं ठेवतो, दुखत असन म्हणून. दोन गाठी झाल्या ना? दोनदा वाढवलं."

पुष्पा सिस्टर तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. मला त्यांच्याबरोबर जाता आले नाही.

*

इथे गोष्ट संपायला हवी होती. उरलेला फरक खरा होता, पण तो फळ्यासमोर दिसणारा नव्हता, आणि त्याच्यासाठी तिसऱ्यांदा टाके घालणे मला समर्थनीय वाटत नव्हते. मी वंदनाबाईंना गाउन घालायला लावून आरशासमोर हात वर करायला सांगितले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"म्हणजे नवीन माप द्या लागन," त्या शेवटी म्हणाल्या.

"एवढंच. नव्या मापाचा एक ब्लाउज शिवा, वर्षभर घाला. तरीही वाटलं तर या, पुन्हा बोलू."

"कमलताईले टेप लावू दिली तर तिले सगळं समजन. तिले समजलं का आर्णीले समजलं. आर्णीले समजलं का आईले समजलं." आई म्हणजे सासूबाई. वंदनाबाईंनी गाउनची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "म्हातारी माह्यासाठी सोमवार करून राह्यली, मॅडम. तिले काय सांगू, गाठ नव्हती म्हणून?"

"मग दुसरा उपाय?"

"ऑपरेशनच सोपं हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तारीख मागितली.

*

त्यानंतर त्या बरेच महिने आल्या नाहीत. तिसरी शस्त्रक्रिया दुसरीकडे झाली असे मी गृहीत धरले होते. माझ्या व्यवसायात रुग्ण येत नाही याचा अर्थ बहुधा तोच असतो. दिवाळीनंतर एका सकाळी त्या दारात उभ्या दिसल्या. निळा ब्लाउज, दोन्हीकडे नीट बसलेला. पाहताच मी विचारले, "कुठे करवून घेतलं?"

"काहीच नाही केलं. नणंदेच्या पोरीचं लग्न होतं. मापाचा ब्लाउज शोधला तर घरात सापडेच ना. पेटी पाह्यली, माळा पाह्यला. आई म्हणे, जुनं सोड, नवं माप दे. लग्न तोंडावर. मंग काय करू, लावून घेतली टेप."

"आणि कमलताई?"

"तिनं डावीकडं लावली, उजवीकडं लावली, पुन्हा डावीकडं लावली. शेवटी टेप गळ्यात अडकवून म्हणे, गाठ चांगल्या डॉक्टरनं काढली वो."

"मग आता तारीख?"

"आता नको," वंदनाबाई म्हणाल्या. "पोरं फळ्याकडं पाहून राह्यली."

त्यांच्या मागून नऊवारीतल्या एक वृद्ध बाई आत आल्या आणि न विचारता स्टुलावर बसल्या. सुनेबरोबर एसटीने आल्या होत्या. त्यांनी माझ्या खोलीतले सगळे सावकाश पाहून घेतले: टेबल, पडदा, आरसा, मी.

"हिची आता आणखीन गाठ तर नाही ना वो, डॉक्टरीण बाई?"

"नाही," मी म्हणाले. "आता नाही."

"बरं झालं."

त्यांनी चष्मा काढला, पिशवीत हात घालून एक फडके बाहेर काढले आणि काचा पुसू लागल्या. फडके मोहरीच्या रंगाचे होते. त्याच्या एका कडेला हुकांची पट्टी तशीच होती.

वंदनाबाई ते पाहतच राहिल्या. "आई, हा तर माहा मापाचा ब्लाउज हाय."

"होता," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरी काच पुसायला घेतली.