सात बटणांचा कॉम्प्युटर

शैलाकाकू गेल्याचा फोन वागळे इस्टेटमधून आला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये सकाळचं रजिस्टर उघडतानाच ती कोसळली होती. मी धावतपळत नौपाड्याच्या घरी पोचले, तर काका टीव्हीखालच्या कॉम्प्युटरजवळ स्टुलावर बसलेले. एवढंच म्हणाले, "याला कोणी हात लावू नका." दीड महिना होत आला... त्या वाक्याचा अर्थ मला परवा कळला.

मधुमेहाने काकांची नजर गेली त्याला आता सहा वर्षं झाली. शाळेत मराठी शिकवलेला माणूस. पेपर पहिल्या बातमीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारा, नाटकांच्या कॅसेटी जिवापाड जपणारा. नजर गेल्याचं त्यांनी कसंबसं सोसलं, पण 'हे लाव, ते वाच' असं कोणाला म्हणणं त्यांना जमेना. मग त्यांनी ऐकणंच सोडून दिलं. कॅसेटी कपाटात गेल्या, रेडिओवर धूळ बसली. काकू कामावरून येऊन विचारायची, दिवसभर काय केलंत? ते म्हणायचे, बसलो होतो. हे 'बसलो होतो' काकूला आतून खात होतं.

दोन हजार साल उजाडलं की जुने कॉम्प्युटर बंद पडतील या धास्तीने तिच्या कंपनीने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. त्यातला एक तिने साहेबांकडून मागून घेतला आणि मांडीवर धरून रिक्षाने घरी आणला. मी बँकेत दिवसभर कॉम्प्युटरवरच बसते, पण त्याचं झाकण उघडायची माझी आजवर छाती झालेली नाही. आणि ही अकरावी झालेली, नटबोल्टांचा हिशेब ठेवणारी बाई! कंपनीत दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून विचारून तिने भंडावून सोडलं. साउंड कार्ड आणून स्वतः बसवलं, टेपरेकॉर्डरची वायर मागे जोडली आणि रविवारचे रविवार घालवून सगळी नाटकं त्यात उतरवली. रेडिओ त्यातच, सीडी त्यातच, आवाज टीव्हीच्या स्पीकरमधून. मी तोंडात बोट घालून बघत बसायचे.

पण खरी करामत पुढेच होती. तिने कीबोर्डची बटणं चक्क सुरीने उचकटली. उरली फक्त सात, आणि ती बोटांना ओळखता यावीत म्हणून त्यांवर डिंकाने धान्य चिकटवलं. तांदळाचा दाणा म्हणजे भजनं, तुरीची डाळ म्हणजे रेडिओ, साबुदाणा म्हणजे नाटकं. आठवडाभरात मुंग्यांनी साबुदाणा पळवला आणि काका भजनांवर जाऊन आदळले. कित्येक महिन्यांत न हसलेला माणूस त्या दिवशी हसला. मग काकूने धान्य काढून सदऱ्याच्या वेगवेगळ्या गुंड्या चिकटवल्या.

सातवं बटण पेपरचं. रोज सकाळी डबा भरून झाला की ती माइकसमोर बसून अख्खा पेपर वाचायची आणि मग कामावर जायची. मागे कुकरच्या शिट्ट्या, मध्येच "अहो, हे तुम्हाला आवडणार नाही, तरी ऐका," अशी टिप्पणी. काका त्यांना हवं तेव्हा, हवं तिथे थांबवत ऐकायचे. कोणाला काही सांगायला नको. डिस्क तुडुंब भरलेली, म्हणून तिने सोय अशी केली होती की आजचा पेपर भरला की कालचा आपोआप पुसला जाई.

ती गेल्यावर मी किती वेळा म्हटलं, काका, पेपर मी वाचून ठेवते. दर वेळी नको म्हणायचे. घरातले म्हणू लागले, पुन्हा तसेच हट्टाला पेटले. परवा मात्र मी माइक हातातच घेतला, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"फोन आला तेव्हा ती यात वाचतच होती गं... आतलं पान चाललं होतं. तू आजचा भरलास की ती पुसली जाईल."

मला उभ्या उभ्या रडू फुटलं. दीड महिना हा माणूस रोज त्याच एका गुरुवारच्या बातम्या ऐकत होता. डोळे पुसून मी म्हटलं, काकूचा पेपर वेगळ्या नावाने ठेवता येईल, पण जागा नाही, काहीतरी काढावं लागेल.

"नाटकं काढ."

"एक काढलं तरी पुरेल, काका."

"सगळी काढ. पुन्हा कधी कोणाला जागा कमी पडायला नको."

एकेक नाटक मी पुसत गेले. काका शेजारी बसून होते, चेहरा शांत. शेवटचं गेल्यावर काकूचा गुरुवार मी वेगळा ठेवला आणि त्यांच्या बोटाखाली दिला. दोन वाक्यं ऐकून, आवाज तोच असल्याची खात्री करून त्यांनी तो थांबवला.

"आता आजचा वाच," काका म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी कोणाला 'वाच' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.