काहिलीला विचारून सांगतो

मेलेल्या भावाची परवानगी घेतल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा न ठोकणारा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच असेल, आणि नेमका तोच आमच्या केंद्राचा जागामालक निघाला. पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, मिशा अजून परेडवरच. वाईजवळचं त्यांचं बंद पडलेलं गुऱ्हाळ मध्ये पत्रा मारून त्यांनी अर्धं केलं आणि अलीकडची बाजू पोरांना दिली. ज्यांना चालायला, बसायला, बोलायला उशीर होतो अशी पोरं तिथं चटयांवर, मोठाल्या चेंडूंवर, दोरांवर खेळता खेळता बरंच काही शिकतात. पत्र्यापलीकडं मात्र अंधार, विझलेली भट्टी आणि रस उकळायची ती भली थोरली लोखंडी काहिल. सकाळी आल्या आल्या सुभेदार पत्र्याकडं तोंड करून "जय हिंद" म्हणत आणि पलीकडून कुणी तरी उत्तर देईल अशा बेतानं थांबत. मी कवठे महांकाळकडची, सातवीतून शाळा सोडलेली, नवऱ्याच्या कारखान्याच्या कामापायी इतक्या लांब आलेली, कुलूप लावल्यावर पुन्हा पुन्हा ओढून बघणारी बाई. पहिल्याच दिवशी ते थांबणं बघून माझ्या अंगावर काटा आला होता. पण शंभूला, माझ्या पोराला, दुसरीकडं कुणी घेत नव्हतं, म्हणून काटा तसाच ठेवून मी पायरीवर बसले.

त्यांना काहीही विचारा, "इचारून सांगतो" हे ठरलेलं. एकदा व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी पंखा लावायचं काढलं. सुभेदार पत्र्यामागं गेले, बऱ्याच वेळानं केसात जळमटं घेऊन बाहेर आले. "न्हाई म्हनतोय. पोरांच्या डोक्यावर फिरनारं काय बी नको." मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. पुढच्या आठवड्यात ज्याला पंखा टांगायचा होता तोच वासा आपोआप खाली आला. सुट्टीचा दिवस होता म्हणून निभावलं. वासा आतून वाळवीनं खाल्लेला होता हे खरं, पण मॅडमनी पुन्हा पंख्याचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी ते कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काहिलीच्या काठावर ठेवायचे. सकाळी तो नसायचा. "मुंगळे खातात हो," मॅडम म्हणाल्या. "मुंगळे कागदासकट खात्यात व्हय?" सुभेदारांनी विचारलं, आणि मी माझी चटई पत्र्यापासून जरा लांब ओढली.

एरवी माणूस लय मजेदार. कुणाचंच न ऐकणारी पोरं त्यांच्या "विश्राम!"ला चटईवर सपशेल आडवी व्हायची. चेंडूवर बसून तोल कसा सांभाळायचा हे दाखवायला गेले आणि स्वतःच पालथे पडले, तर उठून मिशी झाडत म्हणाले, "जमिनीची पाहनी केली." हसला नाही तो फक्त शंभू. तो हसतही नव्हता, बोलतही नव्हता. गलका झाला की कान झाकून भिंतीला चिकटायचा. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याला बोलतं करायचं तर वेगळी शांत खोली हवी. पत्र्यापलीकडची जागा मिळाली तर ठीक, नाही तर त्याला पुण्याला न्यावं लागेल. पुणं म्हणजे आमच्यासाठी चंद्रच. मी सुभेदारांपुढं हात जोडले. "पोरी, माझी ना न्हाई गं," ते म्हणाले, "पन त्यो गप हाय. लय येळा इचारलं. व्हय बी म्हनंना, न्हाई बी म्हनंना."

तेव्हा मॅडमचा धीर सुटला. "सुभेदार, तुमचा भाऊ जिवंतपणी एक शब्द बोलला नाही, आता काय बोलणार आहे?"

मिशा खाली आल्या. मग त्यांनीच सांगितलं. धाकटा जन्मापासून मुका. गुऱ्हाळ बंद असलं की काहिलीत निजायचा, लोखंडाला तोंड लावून हुंकार द्यायचा, आणि काहिल घुमायची. तेवढीच त्याची बोली. सुभेदार सीमेवर असताना तो तापानं गेला. रजा मंजूर होऊन ते गावी पोचले तेव्हा राखसुद्धा गार झाली होती. "कवा इचारलं न्हाई त्याला काय. भरती होताना बी न्हाई. म्हनून आता इचारतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी वीज गेली. उसाची सळसळसुद्धा थांबलेली. बघते तर शंभू चटईवर नाही. पत्र्यापलीकडून बारीक घुमल्यासारखा आवाज येत होता. मी भित्री, पण पाय आपणहून गेले. शंभू काहिलीत पालथा झोपला होता, लोखंडाला तोंड लावून हुंकारत होता. रडण्याशिवाय त्याच्या गळ्यातून निघालेला तो पहिला आवाज. माझ्यामागं सुभेदार येऊन उभे राहिले. तेवढ्यात शंभूनं मान वर केली, आमच्याकडं बघितलं, ओठ मिटले.

घुमणं थांबलं नाही.

उलट ते खाली उतरलं, जाड झालं, मोठ्या माणसाच्या छातीतून यावं तसं. शंभूनं कान लोखंडाला लावला आणि हसला. सुभेदारांनी टाचा जुळवल्या. "व्हय म्हनाला गं पोरी," एवढंच बोलले. लोखंड आहे, घुमतंच, असं मॅडम नंतर म्हणाल्या. सुभेदारांनी त्याच दुपारी पत्रा स्वतःच्या हातानं उचकटला.

आता तिथं उजेड आहे, बोलायची वेगळी खोली आहे, आणि मोठ्या दालनात मधोमध काहिल आहे. तेवढी एकच अट होती. नवी पोरं तिच्यात लोळतात. शंभू मला "आई" म्हणतो, आणि भूक लागली की जोरात म्हणतो. सुभेदारांचं "इचारून सांगतो" मात्र बंद झालं. कशालाही "तुमीच ठरवा" म्हणतात. एकदा न राहवून मी विचारलं, "आवं सुभेदार, आता विचारत न्हाई व्हय?"

"त्याची रजा मंजूर झाली," ते म्हणाले. "गेला."

तरी संध्याकाळी खडा ठेवतात. हल्ली तो सकाळी तिथंच असतो, कागदासकट, मुंगळे लागलेला. सुभेदार मुंगळे फुंकून काढतात, काहिलीकडं जरा वेळ बघतात, आणि खडा शंभूच्या हातावर ठेवतात.