साडूभाऊ आणि त्यांच्या टी-पेशी

माझ्या थोरल्या साडूंइतका जीव डेंड्रिटिक पेशींवर उभ्या मराठवाड्यात कुणी लावला नसेल. सिडकोजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर विद्यार्थ्यांच्या जागी नातेवाईक बसवले. पाहुण्याला पाण्याचा पेला मिळायच्या आत कळायचं की, या फांद्या फुटलेल्या पेशी अंगभर गस्त घालतात, जंतू दिसला की गिळतात आणि त्याचा तुकडा अंगावर मिरवत काखेतल्या, मानेतल्या लसिकाग्रंथींत जातात. तिथं एकेका टी-पेशीला, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला, तो दाखवायचा. जिला तो नेमका ओळखू येतो ती उठते, एकीच्या हजारो होतात आणि जंतूची धडगत राहत नाही. "माझा आजा मेंढरांमागं हेच करायचा," ते अभिमानानं सांगत. शेळीनं भलता पाला खाल्ला की आजोबा त्याची डहाळी घेऊन साऱ्या तळावर फिरत, ओळखणारा म्हातारा सापडेपर्यंत.

साडूभाऊंनीही तेच चालवलं होतं. एकदा अंगणात सापडलेला बोल्ट खिशात घालून त्यांनी अख्खी गल्ली पालथी घातली. शेवटी वाळूजच्या कारखान्यातल्या एका फिटरनं तो ओळखला. तो त्यांच्याच झोपाळ्याचा निघाला, पण तोवर ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, झोपाळ्यासकट खाली आल्या होत्या.

नुसता तुकडा दाखवून भागत नाही, हे त्यांचं पुढचं प्रकरण. सोबत धोक्याची दुसरी खूण मिळाली नाही, तर टी-पेशी पेंगते आणि पुढंही दाद देत नाही. म्हणून चितेगावच्या लग्नात सापाची कात सापडल्यावर ती ओळखणारा शोधताना त्यांनी चेहराही घाबरा केला. मांडव क्षणात रिकामा झाला, नवरदेवासकट. कात निघाली बिनविषारी धामणीची. निरुपद्रवी गोष्टीवर एवढं उठणं म्हणजेच अ‍ॅलर्जी, असं ते धावणाऱ्या वऱ्हाडाला समजावत होते.

मग त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. ताईंनी आपलं एक दिलं. ते टिकावं म्हणून आता टी-पेशींना दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर. गोळीची वेळ चुकली तर ताईंनी दिलेलं अंगातून जायचं. ज्यांच्या जागं होण्याचं कौतुक गावभर सांगितलं, त्या जागू नयेत म्हणून हा माणूस घड्याळाकडं डोळे लावून बसतो. मला ते बघवत नाही.

परवा दुपारी गेलो, तर पलंगावर पोटाच्या उजव्या अंगाला, ताईंचं मूत्रपिंड बसवलंय तिथं, हात ठेवून बसले होते. व्याख्यान नाही, काही नाही. हळू आवाजात म्हणाले, "उभा जन्म एकत्र काढला, पाव्हणं, तरी माझ्या पेशींना ही परकीच वाटती. दाखवणाऱ्या दाखवत्यातच. मी आपलं म्हणतो, उठू नका बाबांनो, आपलीच हाय ती."

ताई चहा घेऊन बाहेर आल्या. जरा सरकून त्यांनी ताईंना शेजारी जागा करून दिली.